फलनानंतरचे पहिले दहा-बारा दिवस : आत नक्की काय चाललेलं असतं?

ऋता_लॅब

हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. मी एम्ब्रियॉलॉजिस्ट आहे, म्हणजे आयव्हीएफच्या (शरीराबाहेर फलन करायच्या उपचाराच्या) लॅबमध्ये बीजांडं आणि भ्रूण सांभाळणं हे माझं रोजचं काम. गरोदरपणाच्या धाग्यांवर आठवड्यागणिक माहिती भरपूर असते पण ती सगळी पाळी चुकल्यानंतरची. त्याआधीच्या दिवसांबद्दल, ज्यात बाईला स्वतःलाही काही कळलेलं नसतं, फारसं कुणी लिहीत नाही, आणि पुढे काही बिघडलं की नेमके तेच दिवस आठवून बायका स्वतःला बोल लावत बसतात, जिना चढले म्हणून, प्रवास केला म्हणून, खूप रडले म्हणून. मला वाटतं त्या दिवसांत आत काय चालतं हे नीट माहीत असलं तर यातलं बरंचसं ओझं उतरेल. म्हणून लिहितेय, जरा लांबण लागेल.

तर सुरुवात फलनापासून. बीजांड अंडाशयातून बाहेर पडलं की त्याच्याकडे वेळ फार थोडा असतो, १२ ते २४ तास. शुक्राणू मात्र आत ५ दिवसांपर्यंत तग धरू शकतात, त्यामुळे बरेचदा ते आधीच येऊन थांबलेले असतात. गाठ पडते ती गर्भाशयात नाही तर गर्भनलिकेत, तिच्या अंडाशयाकडच्या रुंद भागात. कोट्यवधी शुक्राणू निघतात आणि तिथवर पोचतात ते काहीशेच. आणि पोचल्या पोचल्या लगेच फलन करता येतं असंही नाही, काही तास बाईच्या शरीरात घालवल्यावरच त्यांच्यात ती ताकद येते. म्हणजे 'जो पहिला पोचला तो जिंकला' हे शाळेत ऐकलेलं चित्र तितकंसं खरं नाही.

बीजांड म्हणजे शरीरातली सगळ्यात मोठी पेशी, व्यास साधारण ०.१ मिलिमीटर. भोवती पारदर्शक जाड कवच, त्याला आम्ही झोना म्हणतो. एक शुक्राणू आत शिरला की बीजांडात कॅल्शियमच्या लाटा उठायला लागतात, तासन् तास थांबून थांबून येत राहतात, आणि त्या लाटांनी एकदम दोन कामं होतात. पहिलं म्हणजे बीजांडाच्या कडेला असलेल्या बारीक पिशव्या फुटून त्यातला माल बाहेर पडतो आणि कवच असं बदलतं की दुसऱ्या शुक्राणूला आत वाट मिळत नाही. दुसरं म्हणजे बीजांडाचं स्वतःचं अर्धवट राहिलेलं विभाजन पूर्ण होतं. हे विभाजन कधी सुरू झालेलं असतं माहितीये का, ती बाई स्वतः तिच्या आईच्या पोटात होती तेव्हा! तिथून ते अडकून पडलेलं असतं, मधे ओव्ह्युलेशनच्या, म्हणजे बीजांड अंडाशयातून बाहेर पडण्याच्या वेळी थोडं पुढे सरकतं आणि शुक्राणू आल्यावरच संपतं. जास्तीची गुणसूत्रं एका छोट्याशा गोळीत बांधून कडेला टाकली जातात.

साधारण १६ ते १८ तासांनी आम्ही बघतो तेव्हा बीजांडाच्या मधोमध दोन गोल दिसायला हवेत, एक आईच्या गुणसूत्रांचा आणि एक वडिलांच्या. दोन-पीएन म्हणतो आम्ही त्याला, रिपोर्टवर बघितलं असेल काही जणींनी. त्या प्रत्येक गोलात बारीक ठिपके असतात आणि ते हळूहळू दोन गोल जिथे एकमेकांना टेकतात त्या बाजूला रांगेत येतात. मग काही तासांनी टाइमलॅप्सच्या स्क्रीनवर बघता बघता दोन्ही गोल पुसट होतात आणि दिसेनासे होतात. नवीन मुली लॅबमध्ये येतात त्या हे बघून घाबरतात की गेलं की काय, पण तीच तर खूण असते की आता पहिलं विभाजन होणार. पुढच्या दोन-तीन तासांत एकाच्या दोन पेशी.

बाकी पुढच्या पोस्टमध्ये, आता ड्युटीवर जायचंय.

मनवा

ऋता किती छान लिहिलंयस गं! एक शंका, दोन्ही गोल एकत्र मिसळून एक होतात ना आधी? आम्हाला तर असंच शिकवलं होतं, आईवडिलांचं केंद्रक एक होतं आणि मग विभाजन. आणि दोनच्या चार चाराच्या आठ असं होताना तो गोळा मोठा होत जातो का? ट्यूबमधे अडकत कसा नाही मग?

ऋता_लॅब

मनवा, मिसळत नाहीत. दोन्ही गोलांची आवरणं विरघळतात आणि गुणसूत्रं थेट विभाजनाच्या तयारीला लागतात. उंदरांच्या भ्रूणांवर २०१८ मध्ये जे काम झालं त्यात तर असं दिसलं की पहिल्या विभाजनात आईच्या गुणसूत्रांसाठी वेगळी आणि वडिलांच्या गुणसूत्रांसाठी वेगळी अशी दोन तर्कू (गुणसूत्रं ओढून दोन बाजूंना वाटणारे धाग्यांचे सांगाडे) शेजारी शेजारी उभी राहतात. दोघांचीही गुणसूत्रं एकाच केंद्रकात पहिल्यांदा येतात ती दोन पेशी झाल्यावर.

आणि नाही, आकार वाढत नाही. कवचाच्या आत जेवढा ऐवज होता तेवढाच राहतो, फक्त त्याच्या पेशी जास्त आणि प्रत्येक पेशी लहान होत जाते. दुसऱ्या दिवशी चार, तिसऱ्या दिवशी आठच्या आसपास. कवच आहे म्हणून पेशी एकत्र राहतात आणि नलिकेच्या भिंतीला चिकटतही नाहीत. नलिकेतल्या आतल्या बाजूच्या केसांसारख्या बारीक तंतूंची हालचाल आणि नलिकेच्या स्नायूंचं आकुंचन यावर तो गोळा गर्भाशयाकडे सरकत राहतो. तीन-चार दिवस लागतात पोचायला.

आता मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. पहिले दोन-अडीच दिवस भ्रूणाचा कारभार चालतो तो सगळा बीजांडात आधीपासून भरून ठेवलेल्या सामानावर. आईने बीजांड तयार होतानाच त्यात प्रथिनं, आरएनए, ऊर्जेसाठी मायटोकॉन्ड्रिया सगळं भरलेलं असतं. भ्रूणाची स्वतःची जनुकं तोवर जवळजवळ गप्प असतात. माणसात ती जोरात कामाला लागतात चार ते आठ पेशींच्या टप्प्याला, हे १९८८ साली दाखवलं गेलं. म्हणून तिसरा दिवस ही आमच्याकडे एक मोठी पायरी धरतात. तिसऱ्या दिवशी सुंदर आठ पेशी असलेले, आम्ही ए ग्रेड दिलेले भ्रूण चौथ्या दिवशी तिथेच थांबलेले दिसतात. का, तर आईची शिदोरी संपली आणि त्यांची स्वतःची जनुकं सुरूच झाली नाहीत किंवा त्यात गडबड होती. इनक्युबेटरमध्ये ३७ अंश, ऑक्सिजन मुद्दाम ५ टक्के ठेवलेला (शरीरात आतही कमीच असतो), ताटलीही तीच आणि द्रवही तोच, तरी एक पुढे जातो आणि शेजारचा थांबतो. लॅबमध्ये फलन झालेल्यांपैकी पाचव्या दिवसापर्यंत पोचतात ते साधारण निम्मे. त्या ताटलीत ना कुणी जिना चढलेलं असतं ना कुणी रडलेलं असतं.

चौथ्या दिवसाचं दृश्य माझं फार आवडतं. आठ-दहा पेशी असताना तुम्ही त्या मोजू शकता, वेगवेगळे गोल दिसतात. मग काही तासांत त्या एकमेकींना अशा बिलगतात की मधल्या कडाच दिसेनाशा होतात, मोजायला गेलं तर मोजताच येत नाही. पेशींच्या पृष्ठभागावरचं ई-कॅडहेरिन नावाचं प्रथिन हे चिकटवण्याचं काम करतं. यातूनच पहिला फरक पडतो, बाहेरच्या बाजूला राहिलेल्या पेशी कोण आणि आत गेलेल्या कोण. बाहेरच्या पेशी पुढे वारेचा भाग होणार, आतल्यांपासून बाळ.

पाचव्या दिवशी बाहेरच्या पेशी सोडियम पंपाने आत पाणी ओढायला लागतात आणि मधे पोकळी तयार होते. तोच ब्लास्टोसिस्ट, आता पेशी शंभराच्या आसपास, एका कोपऱ्यात आतल्या पेशींचा छोटा पुंजका आणि भोवती पातळ एकपदरी थर. कधीकधी तो एकदम बसतो, फुगा फुटल्यासारखा आकसून जातो आणि तासा-दोन तासात परत फुगतो. शेवटी कवच ताणून ताणून पातळ होतं, एका जागी फटतं आणि त्या फटीतून भ्रूण बाहेर यायला लागतो, अर्धा आत अर्धा बाहेर, मधे चिमटा. सहाव्या दिवसाच्या आसपास तो कवचातून पूर्ण मोकळा होतो. तेव्हाच तो पहिल्यांदा कशाला तरी चिकटू शकतो.

प्राजक्त

उत्तम धागा. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो, थोडी इतिहासाची भर घालतो, कारण हे सगळं आपल्याला कळलं कसं हेही तितकंच थरारक आहे.

सस्तन प्राण्याला बीजांड असतं हे दाखवलं कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर यांनी १८२७ मध्ये, तेही कुत्रीचं. त्याआधी लोक नुसते तर्क करत होते. शुक्राणू आणि बीजांडाची केंद्रकं एकत्र येतात हे ऑस्कर हर्टविग यांनी १८७६ साली समुद्री अर्चिन या काटेरी गोल समुद्री प्राण्यात बघितलं, कारण त्याची अंडी पारदर्शक आणि फलन पाण्यात उघड्यावर होतं. माणसाच्या पहिल्या दोन आठवड्यांबद्दल मात्र विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अंधारच होता. अमेरिकेत बॉस्टनजवळ आर्थर हर्टिग आणि जॉन रॉक यांनी १९३८ पासून पंधराएक वर्षं एक काम केलं, ज्या स्त्रियांचं गर्भाशय काढायचं आधीच ठरलेलं होतं अशा २१० स्त्रियांमधून त्यांना अगदी सुरुवातीचे ३४ भ्रूण मिळाले. दोन पेशींच्या अवस्थेपासून ते रुजून गेलेल्यापर्यंत. आजच्या नियमांत असं काम बसणार नाही आणि बसूही नये असं माझं स्पष्ट मत आहे, पण पाठ्यपुस्तकातल्या पहिल्या पंधरवड्याच्या आकृत्या मुख्यत्वे त्या ३४ भ्रूणांवरून आल्यात हेही खरं. आणि त्या ३४ मधले बरेचसे सदोष निघाले होते, म्हणजे निसर्गातही सगळे भ्रूण पुढे जाणारे नसतात हे तेव्हाच दिसलं होतं.

मग रॉबर्ट एडवर्ड्स, पॅट्रिक स्टेप्टो आणि जीन पर्डी. १९६९ मध्ये त्यांच्या गटाने मानवी बीजांडाचं शरीराबाहेर फलन केल्याचं प्रसिद्ध केलं, १९७१ मध्ये ब्लास्टोसिस्टपर्यंत वाढवून दाखवले. २५ जुलै १९७८ ला लुईस ब्राउनचा जन्म झाला, तिचा भ्रूण आठ पेशींचा असताना आत सोडला होता. त्या पेशी विभागताना सगळ्यात आधी सूक्ष्मदर्शकातून बघितल्या त्या जीन पर्डी यांनी, आणि त्यांचं नाव कितीतरी वर्षं मागेच राहिलं. एडवर्ड्स यांना २०१० मध्ये नोबेल मिळालं तोवर पर्डी आणि स्टेप्टो दोघेही हयात नव्हते. ऋताताई, तुमच्या व्यवसायातल्या त्या पहिल्या म्हणायला हव्यात.

ऋता_लॅब

हो प्राजक्त सर, आमच्याकडे नवीन येणाऱ्या प्रत्येकीला मी त्यांचं नाव आवर्जून सांगते.

तळ्यातमळ्यात

सगळं वाचून काढलं एका दमात. माझा नुकताच पाचव्या दिवसाचा ब्लास्टोसिस्ट ट्रान्स्फर झालाय, म्हणजे लॅबमधला भ्रूण गर्भाशयात सोडलाय, रिपोर्टवर ४एबी लिहिलंय. घरी सगळे म्हणतायत पडून राहा, पाय उंचावर ठेव, खोकू सुद्धा नकोस, आणि सासूबाई तर बाथरूमला जाताना पण हात धरतात, प्रेमानेच करतात सगळं पण माझा जीव नुसता मुठीत आहे. काल जोरात शिंक आली आणि मी तासभर रडत होते. खरंच पडू शकतं का गं ते? आणि ४एबी म्हणजे चांगलं की वाईट, बी आलाय ना त्यात.

ऋता_लॅब

अगं आधी शांत हो. नाही पडत. शिंकेने नाही, खोकल्याने नाही, बाथरूमला गेल्याने नाही, जिन्यानेही नाही.

कारण समजून घे म्हणजे मनापासून पटेल. आपण गर्भाशय म्हणजे रिकामी खोली समजतो आणि त्यात भ्रूण कुठेतरी लोंबकळतोय असं डोळ्यासमोर येतं. तसं नसतं. गर्भाशयाच्या पुढच्या मागच्या भिंती एकमेकींना टेकलेल्या असतात, मधे चिकट द्रवाचा पातळसा थर आणि त्यात तुझा भ्रूण. पडायला जागाच नाही. ट्रान्स्फरनंतर झोपवून ठेवायचं का यावर तुलना करून अभ्यास झालेत, झोपून राहिल्याने फायदा दिसलेला नाही, काहींत तर निकाल किंचित कमीच आले. म्हणून आता तज्ज्ञांच्या संस्थाही बेडरेस्ट नको म्हणतात. नेहमीसारखं चालफिर, तुझ्या डॉक्टरांनी काही वेगळं कारण सांगून मनाई केली असेल तेवढी पाळ आणि प्रोजेस्टेरॉन (अस्तर तयार ठेवणारं हार्मोन) वेळेवर घे. रडू आलं तर रड, ताण आला म्हणून ट्रान्स्फर फुकट जातो असं अभ्यासांत दिसत नाही.

ग्रेडचं म्हणशील तर ४ म्हणजे पूर्ण फुगलेला. पहिलं अक्षर आतल्या पुंजक्याचं, ते ए, म्हणजे पेशी भरपूर आणि घट्ट. दुसरं बाहेरच्या थराचं, ते बी, म्हणजे थोड्या विरळ. ४एबी छान ग्रेड आहे. आणि ग्रेड म्हणजे आम्ही डोळ्यांनी बघून केलेला अंदाज, आत गुणसूत्रं कशी आहेत ते त्यातून दिसत नाही, बीबी आणि बीसीचीही मुलं होतात.

आता तुझ्या आत पुढे काय होतं ते सांगते. कवचातून बाहेर आलेला भ्रूण पुंजक्याची बाजू गर्भाशयाच्या अस्तराकडे करून टेकतो. अस्तरही रोज तयार नसतं, ओव्ह्युलेशननंतर साधारण सहाव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान काही दिवसच ते स्वीकारायला तयार असतं, प्रोजेस्टेरॉनमुळे. टेकल्यावर बाहेरच्या पेशी एकमेकींत विलीन होऊन एक मोठा सलग थर बनवतात आणि तो थर अस्तरात वाट काढत आत शिरतो. माणसाचा भ्रूण नुसता पृष्ठभागाला चिकटून बसत नाही, तो पूर्णच्या पूर्ण अस्तराच्या आत जातो, आणि दहाव्या-बाराव्या दिवसापर्यंत वरचं भोकसुद्धा भरून येतं. काही जणींना तेव्हा हलकासा डाग दिसतो, बहुतेकींना काहीच दिसत नाही, दोन्ही ठीक. एकदा तो तसा रुजला की शिंक त्याचं काय करणार!

तळ्यातमळ्यात

भिंती टेकलेल्या असतात हे कुणीच सांगितलं नव्हतं. सासूबाईंना वाचून दाखवलं आत्ताच. त्या म्हणाल्या मग ऊठ आणि माझ्याबरोबर खाली चक्कर मारायला चल. खूप खूप आभार.

निरंजन८२

बायकोला आणि मला दोघांनाही घाई झालीये. पाळी चुकायच्या आधीच टेस्ट करायची म्हणते, दोनदा करून झाली, निगेटिव्ह. किती दिवसांनी खरं कळतं? आणि एक कळत नाही, मित्राच्या बायकोची पाळी चुकून जेमतेम तीन दिवस झाले होते तर डॉक्टर म्हणाले चौथा आठवडा उलटला. हे गणित कसं?

अबोली

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, हे मी सांगते. निरंजन, टेस्टमध्ये जो एचसीजी नावाचा हार्मोन सापडतो तो भ्रूणाच्या बाहेरच्या पेशी बनवतात, आणि तो आईच्या रक्तात पोचायला आधी भ्रूण रुजायला लागतो. १९९९ मध्ये ॲलन विलकॉक्स आणि सहकाऱ्यांचा जो अभ्यास आला त्यात टिकलेल्या गर्भधारणांपैकी ८४ टक्के रुजल्या त्या ओव्ह्युलेशननंतर आठव्या, नवव्या किंवा दहाव्या दिवशी. म्हणजे त्याआधी केलेली टेस्ट निगेटिव्ह येणारच, मूल राहिलं असलं तरी. रुजल्यानंतर पातळी साधारण दोन-तीन दिवसांत दुप्पट होत जाते. घाई करून रोज काड्या वापरून दोघांनी मनस्ताप करून घेऊ नका, पाळी चुकू द्या, सकाळच्या पहिल्या लघवीवर करा. निगेटिव्ह आली आणि पाळीही आली नाही तर दोन-तीन दिवसांनी परत. आणि कुणी उपचारात एचसीजीचं इंजेक्शन घेतलं असेल तर त्याचाच अंश दहा-बारा दिवस टेस्टमध्ये दिसू शकतो, त्यामुळे लवकर पॉझिटिव्ह आली तरी तिच्यावर विसंबू नका.

आठवड्यांचं म्हणाल तर आम्ही मोजतो शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, कारण ती तारीख बाईला सांगता येते, फलन कधी झालं ते कुणालाच दिसत नाही. त्यामुळे डॉक्टरांचे आठवडे भ्रूणाच्या खऱ्या वयापेक्षा साधारण दोन आठवड्यांनी जास्त. मित्राच्या घरचा भ्रूण त्या दिवशी खरं तर अडीच आठवड्यांचाच होता. यावरून घरात संशयकल्लोळ झालेले मी पाहिलेत, तारखा जुळत नाहीत म्हणून, तेव्हा हे नवऱ्यांनी जरूर लक्षात ठेवावं.

अजून एक, धाग्यात आलं नाही म्हणून लिहिते. भ्रूण नलिकेतून वेळेवर पुढे सरकला नाही तर तो नलिकेतच रुजतो. शंभरात एक-दोन गर्भधारणा अशा गर्भाशयाबाहेर राहतात आणि त्यातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त नलिकेतच असतात. जुनं इन्फेक्शन, आधीचं ट्यूबचं ऑपरेशन, धूम्रपान यांनी धोका वाढतो. टेस्ट पॉझिटिव्ह आहे आणि पोटात एका बाजूला दुखतंय, रक्तस्राव होतोय, चक्कर येतेय किंवा खांद्याच्या टोकाला विचित्र दुखतंय तर सकाळपर्यंत थांबू नका, रात्रीच हॉस्पिटल गाठा. नलिका फुटली तर जिवावर बेततं.

धुकं

लिहू की नको करत होते. माझी टेस्ट पॉझिटिव्ह आली होती, अगदी पुसट दुसरी रेघ, आणि चार-पाच दिवसांतच पाळी आली. डॉक्टर म्हणाल्या केमिकल प्रेग्नन्सी, म्हणजे टेस्टमध्येच दिसून लगेच संपलेली. तो शब्द ऐकून असं वाटलं की जणू ते खरं नव्हतंच. त्याच आठवड्यात आमच्याकडे कार्य होतं, मी खूप धावपळ केली होती, जड सामान उचललं होतं. घरात कुणी स्पष्ट बोललं नाही पण एक-दोन जणी म्हणाल्या की जरा जपायला हवं होतं. मला अजून ते जात नाही मनातून.

ऋता_लॅब

धुकं, ते खरं होतं. भ्रूण तयार झाला होता, पाच-सहा दिवसांचा प्रवास करून आला होता, कवचातून बाहेर पडून रुजायला लागला होता, त्याने एचसीजी बनवला म्हणून तर ती पुसट रेघ आली. तुला वाईट वाटतंय ते अगदी खऱ्या गोष्टीचं वाटतंय.

आणि सामान उचलल्याने ते गेलेलं नाही. हे मी तुला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये. विलकॉक्स यांच्याच गटाने १९८८ मध्ये २२१ स्त्रियांच्या रोजच्या लघवीच्या नमुन्यांवर काम केलं होतं. त्यात १९८ गर्भधारणा सापडल्या आणि त्यातल्या २२ टक्के बाईला पत्ताही लागायच्या आत संपल्या. नंतरचे गर्भपात धरले तर एकूण ३१ टक्के. हे झालं रुजलेल्यांचं, रुजण्याच्या आधीच थांबणारे तर यात मोजलेच नाहीत. पूर्वी अशी बाई म्हणायची यंदा पाळी दोन दिवस उशिरा आली, इतकंच. टेस्ट इतक्या नाजूक झाल्या म्हणून आपल्याला कळायला लागलं, आणि कळायला लागलं म्हणून दोष शोधायला लागलो.

बहुतेक वेळा कारण असतं गुणसूत्रांची संख्या चुकणं. वर लिहिलंय ना, बीजांडाचं विभाजन वर्षानुवर्षं अर्धवट थांबलेलं असतं. गुणसूत्रांच्या जोड्या ज्या प्रथिनांनी धरून ठेवलेल्या असतात ती वयाबरोबर सैल होत जातात आणि शेवटच्या वाटणीत एखादं गुणसूत्र जास्त किंवा कमी जातं. पंचविशीतही होतं, पस्तिशीनंतर जास्त, चाळिशीनंतर बरंच जास्त. फलनानंतरच्या पहिल्या दोन-तीन विभाजनांतही चुका होतात, तेव्हा तर अशा चुका पकडणारी भ्रूणाची स्वतःची यंत्रणाच पुरती चालू नसते. यातलं काहीही तुझ्या धावपळीच्या आठवड्यात ठरलेलं नव्हतं, बरंचसं तर ते बीजांड बाहेर पडतानाच ठरून गेलेलं असतं. तुला जे म्हणाल्या त्यांना हे माहीत नसावं, पण म्हणून त्यांचं बोलणं बरोबर होत नाही.

एकदा असं झालं म्हणून पुढच्या वेळी होईलच असं अजिबात नाही. दोन-तीनदा झालं तर मात्र तपासण्या करून घे, थायरॉइड, रक्त गोठण्याच्या तपासण्या, दोघांचीही गुणसूत्रं.

धुकं

वाचतेय परत परत. नवऱ्यालाही वाचायला दिलं, तो पण गप्पच होता इतके दिवस.

दोघीजणी

मला एकसारख्या जुळ्या मुली आहेत. सोनोग्राफीत डॉक्टर म्हणाले वार एक आणि पिशव्या दोन, म्हणून दर पंधरा दिवसांनी तपासणी. मैत्रिणीच्या जुळ्यांना वेगवेगळ्या वारा होत्या तरी ते एकसारखेच आहेत. हे कसं काय?

प्राजक्त

नेहमी शिकवलं जातं ते असं की भ्रूण कधी दुभंगला त्यावर ते ठरतं. पहिल्या तीन दिवसांत म्हणजे वारेच्या पेशी वेगळ्या व्हायच्या आधी दुभंगला तर दोघांना सगळं स्वतंत्र, वारही आणि पिशवीही. चौथ्या ते आठव्या दिवसात तर बाहेरचा थर आधीच ठरलेला, म्हणून वार एक आणि पिशव्या दोन, तुमच्या मुलींसारखं, एकसारख्या जुळ्यांत हेच सगळ्यात जास्त. आठव्यानंतर पिशवीही एकच, ते फार विरळ. तेराव्या दिवसानंतर मात्र पूर्ण वेगळं होणं जमत नाही आणि जोडलेली जुळी होतात. दुभंगताना प्रत्यक्ष कुणी फारसं पाहिलेलं नाही, त्यामुळे या वेळापत्रकावर अभ्यासकांत वाद आहेत, पण वार आणि पिशवीची मांडणी समजायला ते चांगलं आहे. वार एकच असली की दोघींच्या रक्तवाहिन्या तिथे जोडलेल्या असू शकतात आणि एकीकडे रक्त जास्त जाऊ शकतं, म्हणून तुम्हाला सारखं बोलावत होते.

मुळात अर्ध्या भ्रूणापासून पूर्ण जीव होऊ शकतो हे हान्स ड्रीश यांनी १८९१ मध्ये समुद्री अर्चिनचा दोन पेशींचा भ्रूण हलवून वेगळा करून दाखवलं होतं, दोन्ही पेशींपासून पूर्ण अळ्या झाल्या, फक्त लहान. प्रयोगशाळेत भ्रूण १४ दिवसांपुढे वाढवायचा नाही हा नियमही याच्याशी जोडलेला आहे. ब्रिटनमधल्या वॉरनॉक समितीने १९८४ मध्ये ती मर्यादा सुचवली, कारण त्या सुमारास भ्रूणाच्या चकतीवर एक रेघ उमटते, तिथून शरीराचं डोकं-शेपूट, डावं-उजवं ठरतं आणि यापुढे एकाचे दोन होत नाहीत. तेव्हा इतके दिवस वाढवणं कुणाला जमतही नव्हतं. २०१६ मध्ये दोन गटांनी बाराव्या-तेराव्या दिवसापर्यंत नेले आणि मग नियम ढिला करायचा का ही चर्चा सुरू झाली. मला स्वतःला वाटतं मर्यादा असावी, आणि ती कुठे असावी हे फक्त शास्त्रज्ञांनी ठरवू नये.

मनवा

शेवटचा प्रश्न विचारते. हे सगळं भ्रूण आपलं आपणच करतो म्हणजे आपण काहीच करायचं नाही का? आम्ही पुढच्या महिन्यापासून प्रयत्न करणार आहोत.

अबोली

करायचं ते आधी करायचं, मनवा. प्राजक्त सरांनी सांगितलेली भ्रूणावरची रेघ उमटल्यावर पेशींचे तीन थर होतात, मग पाठीकडे चेतानलिका तयार होते ज्यापासून मेंदू आणि मज्जारज्जू होतो, आणि ती नळी फलनानंतर साधारण २८ व्या दिवसापर्यंत मिटलेली असते. म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले, कितीतरी जणी तोवर डॉक्टरकडे गेलेल्याही नसतात. ती नीट मिटायला फॉलिक ॲसिड लागतं, ते शरीरात आधीपासून असायला हवं, म्हणून गोळी प्रयत्न सुरू करायच्या निदान महिनाभर आधी. रोज ४०० मायक्रोग्रॅम बहुतेकींना पुरतं. आधीच्या बाळाला तसा दोष असेल, मधुमेह असेल किंवा फिटची औषधं चालू असतील तर डोस बराच जास्त लागतो, तो डॉक्टरांनीच ठरवायचा. बाकी चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी एकदा डॉक्टरांना दाखव, थायरॉइड आणि साखर तपासून घे, रुबेलाची लस झालीये का बघ, नसेल तर ती घेऊन महिनाभर थांबावं लागेल. सिगरेट, दारू दोघांनीही बंद, शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात त्यामुळे नवऱ्याने आजच.

मनवा

रुबेलाचं डोक्यातच नव्हतं. उद्याच अपॉइंटमेंट घेते.